कण मोजा, मग चमचे: बटाट्यापासून ओआरएसपर्यंत परासरण

परासरणाची व्याख्या परीक्षेत बहुतेकांना येते. जिथे पाण्याचं प्रमाण जास्त तिथून, जिथे ते कमी तिकडे, निवडक्षम पारपटलातून (पाणी जाऊ देणाऱ्या पण विरघळलेले कण अडवणाऱ्या पडद्यातून) पाण्याचा होणारा प्रवास. दोन गुण मिळतात आणि विषय संपतो. पण कैरीला मीठ लावलं की खार का सुटतो, जुलाब लागल्यावर नुसतं पाणी का पुरत नाही, कुंडीत मूठभर युरिया टाकला तर रोप का करपतं, या तिन्हींचं उत्तर त्याच दोन ओळींत आहे. फक्त त्यात एक गोष्ट जोडून घ्यावी लागते. पाणी किती ओढलं जाईल हे विरघळलेल्या पदार्थाच्या वजनावर ठरत नाही, कणांच्या संख्येवर ठरतं.

हिशोब सोपा आहे. साखरेचं रेणुवस्तुमान ३४२, मिठाचं ५८.५. साखरेचा एक रेणू पाण्यात एकच कण राहतो. मीठ मात्र सोडियम आणि क्लोराइड असं फुटतं, म्हणजे दोन कण. त्यामुळे एक ग्रॅम मिठात एक ग्रॅम साखरेच्या जवळजवळ बारापट कण असतात. हा 'बारापट' आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा पुन्हा लागणार आहे.

बटाट्याचा प्रयोग, नीट करायचा तर

मनुके पाण्यात टाकून फुगवणं ठीक आहे, पण त्यातून आकडे मिळत नाहीत. बटाट्यातून मिळतात. लागणारं सामान: एक मोठा बटाटा, साखर, पाच सारखे ग्लास, मोजपात्र, पट्टी, टिशू पेपर आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा.

सगळे तुकडे एकाच बटाट्याचे घ्या. दोन बटाट्यांत पाणी आणि साखर वेगवेगळी असते, मग फरक द्रावणामुळे पडला की बटाट्यामुळे, हे कळत नाही. साल पूर्ण काढा, कारण साल पाणी फारसं आत-बाहेर जाऊ देत नाही. ५ सेंमी लांब, १ सेंमी रुंद, १ सेंमी जाड अशा १५ कांड्या कापा. एका कांडीचं वजन साधारण साडेपाच ग्रॅम भरतं. स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅमनेच पुढे सरकतो, त्यावर एका कांडीतला फरक दिसणारच नाही. म्हणून प्रत्येक ग्लासात तीन कांड्या घालायच्या आणि तिन्हींचं एकत्र वजन घ्यायचं. बारीक काटा मिळत नसेल तर दोन बटाट्यांऐवजी एकच खूप मोठा बटाटा शोधा आणि ग्लासामागे जास्त कांड्या घ्या, किंवा वजन सोडून लांबी मोजा, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत.

द्रावणं करताना नेहमीची चूक होते. २० टक्के द्रावण म्हणजे १०० मिली पाण्यात २० ग्रॅम साखर नव्हे. साखर आधी थोड्या पाण्यात विरघळवायची आणि मग एकूण आकारमान १०० मिली होईपर्यंत पाणी घालायचं. आपल्याला एकदाच ५० ग्रॅम साखरेचं २५० मिली द्रावण करून ठेवायचं आहे. पहिल्या ग्लासात त्यातलं १०० मिली. दुसऱ्यात ७५ मिली आणि २५ मिली पाणी. तिसऱ्यात निम्मं-निम्मं. चौथ्यात २५ मिली आणि ७५ मिली पाणी. पाचव्यात नुसतं पाणी. झाली २०, १५, १०, ५ आणि ० टक्क्यांची पाच द्रावणं, आणि केलेलं द्रावण बरोब्बर संपतं.

कांड्या टिशूवर हलकेच टिपून वजन करा, लिहून ठेवा, मग ग्लासात बुडवा. तीन-चार तास पुरतात. रात्रभर ठेवायचं असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. एप्रिल-मेमध्ये ग्लास ओट्यावर विसरलात तर सकाळी साखरेचं पाणी आंबलेलं असतं आणि आकडे टाकून द्यावे लागतात. बाहेर काढल्यावर पुन्हा तितक्याच हलक्या हाताने टिपायचं. एखादी कांडी दाबली गेली की तिच्यातलं पाणी टिशूत जातं आणि त्या ग्लासाचं उत्तर बिघडतं.

वजनातला फरक ग्रॅममध्ये लिहू नका, टक्क्यांत काढा: शेवटच्या वजनातून सुरुवातीचं वजा करायचं, सुरुवातीच्या वजनाने भागायचं, शंभराने गुणायचं. १६.२ ग्रॅमच्या कांड्या १७.५ झाल्या तर वाढ ८ टक्के. आलेखावर आडव्या अक्षाला साखरेचं प्रमाण, उभ्या अक्षाला टक्केवारी. रेषा शून्याला जिथे छेदेल तिथलं द्रावण बटाट्याच्या पेशींना समपरासारी, म्हणजे वजन ना वाढतं ना घटतं. बहुतेक वेळा हा बिंदू ८ ते १२ टक्के साखरेच्या मध्ये कुठेतरी येतो. त्याच्या डावीकडची द्रावणं अवपरासारी (पेशी पाणी घेतात), उजवीकडची अतिपरासारी (पेशी पाणी गमावतात). ही नावं पाठ करण्यापेक्षा आलेखावर लिहून टाका, मग उलटसुलट होत नाहीत.

आकड्यांइतकंच बोटांनाही कळतं. पाण्यातली कांडी कडक होते आणि वाकवली की कट्कन मोडते. २० टक्क्यांतली लुळी पडते, जवळजवळ गोल वळवता येते. पहिलीत पेशी पाण्याने भरून पेशीभित्तिकेवर आतून रेटा देत असतात, दुसरीत तो रेटा गेलेला असतो. कोमेजलेल्या कोथिंबिरीची देठं पाण्यात उभी केली की ती तासाभरात ताठ होते त्याचं कारण हेच. जुडी काळी पडून बुळबुळीत झाली असेल तर मात्र कितीही पाणी दिलंत तरी उपयोग नाही, तिथे पटलंच फाटलेली असतात.

हे पटलाचं म्हणणं तपासता येतं. एक कांडी पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, गार करा, आणि मग २० टक्क्यांच्या द्रावणात कच्च्या कांडीबरोबर ठेवा. कच्ची आक्रसते. उकडलेलीत तसं आकुंचन दिसत नाही, कारण उष्णतेने पटल मोडलं आणि साखर सरळ आत शिरू लागली. परीक्षेच्या उत्तरात 'निवडक्षम पारपटल' हे शब्द नसतील तर गुण का कापतात, ते या एका कांडीवरून कळावं.

मिठाचं द्रावण का नको, असा प्रश्न येतोच. चालतं, पण मिठाचे आयन हळूहळू पेशीत झिरपतात आणि आलेख तितका स्वच्छ येत नाही. शिवाय बारापट लक्षात घेता मिठाला २ टक्क्यांच्या आतबाहेरच खेळावं लागतं, तिथे मोजमापातली छोटी चूकही मोठी पडते.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर रिओच्या पानाची खालची जांभळी साल सोलून घ्या. हे झाड शाळेच्या आवारात, सोसायटीच्या कुंडीत सर्रास असतं. पान मुडपून फाडलं की कडेला पातळ पापुद्रा येतो. पाण्याच्या थेंबात पेशी काठोकाठ जांभळ्या दिसतात. कव्हरस्लिपच्या एका कडेला १० टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा रंग भित्तिकेपासून सुटून मध्ये गोळा होऊ लागतो. हा रससंकोच. लगेच साधं पाणी ओढून घेतलं तर पेशी पुन्हा भरतात, फार वेळ ठेवलं तर मरतात आणि परत येत नाहीत.

व्हिनेगरमध्ये अंड्याचं कवच विरघळवण्याचा प्रयोगही छान आहे, कवच गेलं की आतल्या पटलातून पाण्याची ये-जा दिसते. पण तो फसतो तो वाटी लहान घेतल्यामुळे. एका कवचात पाच-सहा ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि ते संपवायला ४ टक्क्यांचं व्हिनेगर १५० मिलीच्या वरच लागतं. २०० मिली घ्या, बुडबुडे थांबले तरी कवच उरलं असेल तर व्हिनेगर बदला. अंडं कच्चंच असतं, तेव्हा हात साबणाने धुवा आणि प्रयोगानंतर ते खाऊ नका.

लोणच्याच्या बरणीत काय चालतं

एक किलो कैरीच्या फोडींना घरोघरी १५० ते २०० ग्रॅम मीठ लागतं. मीठ चोळून ठेवलं की काही तासांत फोडी खारात तरंगू लागतात. ते पाणी बाहेरून आलेलं नाही, फोडींच्या पेशींतलं आहे. हाच खार जिवाणूंच्या पेशींतूनही पाणी ओढतो. ते सगळे मरतातच असं नाही, पण बहुतेकांची वाढ थांबते. 'तब्येतीसाठी मीठ कमी' म्हणून निम्मं मीठ घातलं तर खारातले कण निम्मे झाले, आणि लोणचं वर्षभर फडताळात टिकण्याची हमीही गेली. असं लोणचं करायला हरकत नाही, ते फ्रिजमध्ये ठेवावं आणि लवकर संपवावं.

बुरशी मात्र जिवाणूंपेक्षा चिवट. तिला कमी पाण्यातही भागवता येतं, पण हवा लागते. म्हणून फोडींवर तेलाचा थर. ओला चमचा घातला की वरच्या थरात पाण्याचे थेंब जातात, तेवढ्या जागेचा खार पातळ होतो, आणि बुरशी धरते ती नेमकी तिथूनच.

मोरांब्याला मिठाच्या कितीतरी पट साखर का लागते, याचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकता. जॅम किंवा मोरांबा टिकायचा तर साखर ६५ टक्क्यांच्या आसपास लागते. मीठ त्याच्या चौथ्या हिश्श्यातही काम भागवतं.

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ वाढायच्या वेळीच घालतात, ते का, हेही वेगळं सांगायला नको.

सलाइनच्या दोन बाटल्या

दवाखान्यात लटकवलेल्या बाटल्यांवरचे आकडे वाचा. एकीवर लिहिलेलं असतं सोडियम क्लोराइड ०.९ टक्के, दुसरीवर डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज) ५ टक्के. एकीत लिटरला ९ ग्रॅम, दुसरीत ५० ग्रॅम. इतका फरक असून दोन्ही रक्तात कशा चालतात? ९ ग्रॅम भागिले ५८.५ म्हणजे ०.१५४ मोल (मोल हे कण मोजायचं एकक), दुप्पट केले की ३०८ मिलीमोल कण. ५० भागिले ग्लुकोजचे १८०, म्हणजे २७८. रक्तद्रवात हा आकडा २९० च्या आसपास असतो. दोन्ही बाटल्या त्याच्या जवळ आहेत. शिरेतून नुसतं शुद्ध पाणी भरपूर दिलं तर लाल पेशी पाणी घेऊन फुगतात आणि फुटतात. त्यांना वनस्पतिपेशीसारखी भित्तिका नसते, रेटा सहन करायला काहीच नाही.

ओआरएस: इथे चमच्याची चूक महाग पडते

जुलाबात शरीरातून पाण्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी प्यायलं तर गेलेलं मीठ भरून निघत नाही. नुसतं मिठाचं पाणी प्यायलं तर तेही आतड्यात नीट शोषलं जात नाही. आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं, ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज अशी जोडी एकदमच आत घेतं. जोडी आत गेली की तिच्यामागून पाणी परासरणाने येतं. पटकीसारख्या (कॉलरा) आजारात आतडं भराभर क्षार आणि पाणी बाहेर टाकत असतं, तरी हे वाहक शाबूत राहतं. ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्यात (जलसंजीवनी), साखर शक्तीसाठी घालतात हा समज म्हणूनच अपुरा आहे. साखर नसेल तर सोडियमला हा रस्ता मिळत नाही.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावण्यांत पटकी पसरली आणि सलाइनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं पाणी रुग्णांना पाजायला नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ३.६ टक्क्यांवर आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आजच्या पाकिटात लिटरसाठी २०.५ ग्रॅम पूड असते: १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. कणांत (लिटरला मिलीमोल) मांडलं तर सोडियम ७५, क्लोराइड ६५, ग्लुकोज ७५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०. एकूण २४५, म्हणजे मुद्दामच रक्तापेक्षा थोडं पातळ. जुन्या सूत्रात हीच बेरीज ३११ होती. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती खाली आणली, कारण पातळ द्रावणाने जुलाब आणि उलट्या कमी होतात असं दिसलं.

करताना हात साबणाने धुवा. उकळून गार केलेलं किंवा पिण्याचं स्वच्छ पाणी एक लिटर मोजून घ्या. बाटलीबंद पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली मापाला उत्तम. पाकिट पूर्ण रिकामं करा. 'थोडं आता, थोडं रात्री' नको, पुडीतले सगळे पदार्थ सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. मिसळल्यावर उकळू नका. वरून साखर, दूध, सरबत काही घालू नका. २४ तासांनी उरलेलं फेका. छोटी पाकिटं २०० मिलीसाठी असतात, तेव्हा पाकिटावरचं माप आधी वाचा. मोठं पाकिट एका ग्लासात ओतलं तर २४५ चे पाचपट, म्हणजे सव्वाबाराशे होतात, रक्ताच्या चौपट. असं पाणी आतड्यात गेलं की शरीरातलंच पाणी उलट आतड्यात येतं आणि जुलाब वाढतात.

पाकिट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा ५ मिलीचा. पोहे खायचा चमचा यापेक्षा मोठा असतो, त्याने मोजू नका. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं ५ मिलीचं माप वापरा आणि वरचा ढीग सुरीच्या पाठीने सपाट करा. साखर सुमारे २५ ग्रॅम होते, मीठ ३ ग्रॅम. साखर आतड्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशी फुटते, तेव्हा १४६ कण तिचे आणि १०२ मिठाचे, बेरीज २४८. पाकिटाच्या किती जवळ! पण सहा चमचे मीठ आणि अर्धा चमचा साखर अशी अदलाबदल झाली, तर लहान मुलाच्या जिवावर बेततं. मिठाचे कण साखरेच्या बारापट, हे इथे पुस्तकी राहत नाही. तयार पाण्याची चव घ्या: अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून नवीन करा. या घरगुती पाण्यात पोटॅशियम नसतं, म्हणून सोबत केळं किंवा शहाळ्याचं पाणी द्या. नुसत्या शहाळ्यावर मात्र भागवू नका, त्यात सोडियम कमी पडतं.

दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबामागे ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना हवं तितकं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. बाळाचं अंगावरचं दूध बंद करू नका. मुलांना डॉक्टर १४ दिवस झिंकच्या गोळ्या देतात, जुलाब थांबले तरी त्या पूर्ण करायच्या. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली बसली, लघवी थांबली, शौचात रक्त दिसलं किंवा काहीच पोटात टिकेना, तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

कोल्ड्रिंक आणि डब्यातले रस यांत १०० मिलीला १० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि सोडियम नावापुरतं. जुलाबात ते चालत नाहीत. नावात 'ओआरएस' लावून विकली जाणारी गोड पेयंही बाजारात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या लेबलवर हा शब्द वापरायला मनाई केली. तरी पाकिट घेताना घटक आणि त्यांचं प्रमाण वाचायची सवय ठेवा. ओआरएसची पाकिटं सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळतात.

पाण्यात बोटं सुरकुततात ती परासरणाने नव्हे

उदाहरणं द्या म्हटलं की अर्ध्या वर्गाच्या उत्तरपत्रिकेत हे असतं. हाताचा मज्जातंतू कापला गेला असेल तर त्या बोटांवर पाण्यात सुरकुत्या पडत नाहीत, हे १९३० च्या दशकापासून माहीत आहे. म्हणजे काम मज्जासंस्थेचं आहे, ती बोटांतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्याऐवजी मनुका लिहा.

कुंडी आणि क्षारपड शेत

मुळांच्या पेशी मातीतलं पाणी घेतात, कारण त्यांच्या आत मातीतल्या पाण्यापेक्षा जास्त कण असतात. खत जास्त झालं की हे गणित उलटतं. माती ओली असूनही रोप माना टाकतं, पानांच्या कडा तपकिरी होतात, आणि आपण पाणी कमी पडलं समजून आणखी खत-पाणी देतो. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश) सारखं विद्राव्य खत कुंडीला लिटरभर पाण्यामागे १ ते २ ग्रॅम पुरे. जास्त पडलंच तर कुंडीच्या दोन-तीनपट पाणी सावकाश ओतून खालच्या भोकातून वाहू द्या. भोक बुजलेलं असेल तर आधी ते मोकळं करा, नाहीतर क्षार तिथेच राहतात. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं भरमसाट पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या, तिथे हेच मोठ्या प्रमाणावर घडलं आहे. खालचे क्षार पाण्याबरोबर वर आले, पाणी उडून गेलं आणि क्षार मुळांपाशी साचले. तिथेही उपाय कुंडीसारखाच. आधी जमिनीखाली निचऱ्याचे पाइप टाकून पाण्याला वाट करून द्यायची, आणि मगच वरून गोडं पाणी सोडून क्षार धुवायचे.